माइक बिघडला होता

मी माझ्या मुलीवर कधी हात उचलला नाही. हे वाक्य मी चौदा वर्षं ओळखपत्रासारखं खिशात बाळगलं. कुणी मागत नव्हतं, तरी मनातल्या मनात काढून दाखवत होतो. वाडीत पाणी सोडायला उशीर झाला की माझे वडील हाताला लागेल त्याने मारायचे. ते आमच्या घरात माझ्यापाशी थांबलं, म्हणजे मी बरा बाप, अशी माझी समजूत होती.

मी वसईतल्या एका शाळेत मराठी शिकवतो. बोलतो कमी. वर्गात हातात पुस्तक असतं म्हणून बोलता येतं, घरी हात रिकामे असतात. बायको नर्स आहे, आखातात असते, तिचं हे चौथं वर्ष. घरात मी आणि मुलगी. मुलगी माझ्याच शाळेत नववीत, पण तिच्या तुकडीला मी शिकवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मला आडवाटा सुचणार आहेत. त्या मला नेहमीच सुचतात.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीआधी एक संशोधन करणाऱ्या बाई शाळेत आल्या. वय असेल अठ्ठावीस-तीस, राहायला विरारला चंदनसारकडे, पाठीवर सॅक, पायात सपाता. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना कितपत कळतं, ते त्यांना मोजायचं होतं. आणि ज्या मुलांकडे घरी कुणाचं लक्ष नसतं त्यांना ते कमी कळतं, की जास्त, की वेगळंच काही कळतं, तेही पाहायचं होतं.

"मोजायचं?" मी विचारलं. "पट्टीने?"

"गोष्टीने," त्या म्हणाल्या. "मुलांनी छोट्या गोष्टी वाचायच्या. गोष्टीत कुणीतरी काहीतरी बोलतं. खाली प्रश्न, तो माणूस असं का म्हणाला? मुलं कारण लिहितात. त्या कारणावरून कळतं. माझ्याकडच्या गोष्टी बाहेरच्या आहेत, सर. बर्फ पडतो त्यात. इथल्या मुलांना इथल्या गोष्टी हव्यात. त्या तुम्ही लिहाल का?"

मुख्याध्यापिकांनी माझं नाव सुचवलं होतं. शाळेचं हस्तलिखित, धर्मग्रामाचं, म्हणजे आमच्या चर्चचं, मासिक, निरोपसमारंभाची भाषणं, जे काही लिहायचं ते माझ्याकडेच येतं. मी हो म्हणालो. कामाला मी नेहमीच हो म्हणतो.

सहा गोष्टी हव्या होत्या. चार मनाच्या, म्हणजे ज्यात माणूस एक बोलतो आणि त्याच्या मनात दुसरंच असतं. आणि दोन साध्या. साध्या गोष्टीत मनाचं काही नसतं. छत्री का घेतली, तर पाऊस होता म्हणून. मुलाला नुसतं वाचून कारण सांगता येतं की नाही, ते पाहायला त्या लागतात.

मनाच्या गोष्टी मी मजेत लिहिल्या. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुकट वाळवणाऱ्या बाईला तिची सून भडक रंगाचं लुगडं आणते आणि ती म्हणते, "छान आहे हो, सणाला नेसेन." होळी गावातल्या वाडीवर मोठा भाऊ धाकट्याला म्हणतो, "तू जा खेळायला, मला वांग्याला पाणी घालायला आवडतं." असल्या चार. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी त्या बाईंना दाखवल्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्हाला माणसं बरोबर कळतात."

मला बरं वाटलं. ते वाक्य मला अजून आठवतं.

साध्या दोन राहिल्या होत्या. एक बंद पडलेल्या पंपाची लिहिली. दुसरी सुचेना, म्हणून घरातलीच एक आठवण घेतली. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आधी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम होता. मुलगी तेव्हा सातवीत. तिचं एकपात्री होतं, तिनेच लिहिलेलं, मासळीबाजारातल्या कोळणीचं. मी येतो म्हणालो होतो. त्या संध्याकाळी मासिकाची शेवटची मुद्रितं तपासत बसलो. हॉलवर पोचलो तेव्हा खुर्च्या घडी करून भिंतीला लावत होते. मुलगी दारात उभी होती, कपाळावर अजून ते मोठं कुंकू. मला बघून म्हणाली, "बरं झालं पप्पा, आला नाहीत. माइक बिघडला होता. कुणाला काही ऐकूच आलं नाही."

मी "अरेरे" म्हणालो असेन. मग आम्ही घरी आलो.

ही गोष्ट मी नावगाव बदलून लिहिली. जिवंत वाटावी म्हणून एक बारीकसा तपशीलही घातला. बाबा हॉलमध्ये शिरतात तेव्हा माइकवरून कोणीतरी सांगत असतं, की कुणाची तरी पाण्याची बाटली स्टेजपाशी राहिली आहे. तो तपशील खरा होता. मला तो आवाज स्वच्छ आठवत होता. खाली प्रश्न घातला, मुलगी असं का म्हणाली? आणि उत्तरसूचीत लिहिलं, "माइक बिघडल्यामुळे कार्यक्रम कोणाला ऐकू आला नाही म्हणून." पूर्ण गुण. प्रकार, साधी गोष्ट.

मी मराठीचा शिक्षक आहे. उताऱ्यावरचे प्रश्न काढण्यात माझी हयात गेली. तरी ते लिहिताना, टाइप करताना, तपासताना माझ्या काही लक्षात आलं नाही.

दुसरा कागद घरचा होता. त्याचं भाषांतरही मीच केलं. 'मी उदास असलो किंवा असले तर घरात कुणाच्या तरी लक्षात येतं.' 'मी आजारी पडलो किंवा पडले तर मला कोणीतरी डॉक्टरकडे नेतं.' 'माझ्या मित्रमैत्रिणींची नावं घरात कुणाला तरी माहीत आहेत.' प्रत्येकापुढे चार चौकोन, कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. मी बाईंना म्हटलंसुद्धा, "मॅडम, हे असलं आमच्याकडे कोण विचारतं? मारतात का, जेवायला देतात का, एवढं विचारा."

"तेही आहे ना, सर. सातवा आणि आठवा प्रश्न."

"मग झालं की."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. कागदाच्या अगदी तळाला एक वेगळा चौकोन होता. 'मला कुणाशी तरी बोलायला आवडेल.' ज्याला वाटेल त्याने खूण करायची. शाळेत दर बुधवारी एक समुपदेशक बाई येतात, त्या मग त्या मुलाशी बोलणार. कागदांवर नावं नव्हती, फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, ती यादी एका पाकिटात बंद करून माझ्या कपाटात ठेवायची ठरली. मी विश्वासाचा माणूस. बाईंनी विचारलं, "तुमचं कोणी आहे का ह्या वर्गांत?" मी म्हटलं, "मुलगी आहे. पण मी तिला शिकवत नाही." ते खरंच होतं, म्हणा.

पालकांच्या संमतीचा कागदही माझ्याच भाषांतरातला. मुलीने तो सकाळी चहाच्या कपाशेजारी ठेवला होता. वह्यांवर करतो तशी मी सही केली. कुठला कागद आहे ते पाहिलंही नाही.

पेपर झाले. दिवाळीची सुट्टी झाली. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत बाई शिक्षकखोलीत आल्या. चेहऱ्यावर हसू होतं, पण कसलंतरी.

"सर, तुमची एक साधी गोष्ट साधी नाहीये."

"कुठली?"

"माइकची. जवळजवळ सगळी मुलं चुकली. म्हणजे तुमच्या उत्तरसूचीप्रमाणे चुकली." त्यांनी एक गठ्ठा पुढे सरकवला. मी वाचू लागलो. 'माइक चालू होता, कारण बाटलीचं सांगत होते. ती खोटं बोलली.' 'बाबांना वाईट वाटू नये म्हणून.' 'तिला रडू येत होतं पण तिने कारण बदललं.' एकाने लिहिलं होतं, 'असं बोललं की घरी जाताना भांडण होत नाही.' जी पोरं माझ्या तासाला कवितेचा साधा अर्थ सांगत नाहीत, त्यांनी हे लिहिलं होतं. मागच्या बाकांवरच्यांनीसुद्धा.

"मीही वाचून सोडून दिलं होतं," बाई म्हणाल्या. "उत्तरसूची पाहिली आणि पुढे गेले. बाटलीचं तुम्ही मुद्दाम घातलंत का?"

"नाही," मी म्हटलं. "असंच."

असंच! खोलीत दोघं-तिघं डबे खात होते. माझे कान तापले. दोन वर्षांपूर्वीचा तो आवाज पुन्हा आला, "कुणाची तरी बाटली राहिलेली आहे, निळ्या झाकणाची," आणि मला माझ्या मुलीचं कपाळावरचं कुंकू दिसलं, घामाने कडेला पसरलेलं. मी गठ्ठ्याच्या कडा जुळवू लागलो. सवयच आहे.

"एकाच मुलाने तुमच्यासारखं उत्तर दिलंय," बाई म्हणाल्या. "आणि त्याचंच मला कोडं आहे. हे बघा."

कागदावर फक्त क्रमांक. अक्षर बारीक, किंचित डावीकडे झुकलेलं. माइकच्या गोष्टीखाली लिहिलं होतं, 'कारण माइक बिघडला होता.' बाकी काही नाही. पण मनाच्या चारही गोष्टींची उत्तरं अशी होती, की मी ती लिहिली असती तर मासिकात छापली असती. भडक लुगड्याच्या गोष्टीत त्या मुलाने नुसतं 'सुनेला वाईट वाटू नये म्हणून' लिहून सोडलं नव्हतं. 'म्हातारीला माहीत आहे की सुनेने खूप दुकानं फिरून आणलंय, आणि सुनेलाही बहुतेक कळलंय की तिला आवडलं नाही, पण दोघी एकमेकींना कळू देत नाहीत,' असं होतं.

"ज्याला हे कळतं, त्याला माइकचं कळत नाही?" बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आणि घरचा कागद सगळ्यांत वाईट ह्याचाच आहे, सर. मारहाण कधीच नाही. उपाशी कधीच नाही. पण बाकी सगळीकडे कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. आणि खाली खूण केलीये. बोलायला आवडेल म्हणून. यादी बघावी लागेल."

मी अजून ओळखलं नव्हतं. हे मला लिहायलाच हवं. शाळेतल्या कुठल्याही पोराची वही नावाशिवाय समोर टाका, मी अक्षरावरून नाव सांगतो, अशी माझी ख्याती आहे. कपाट उघडलं, पाकीट फोडलं, क्रमांकावरून बोट फिरवत गेलो आणि माझ्या मुलीच्या नावावर थांबलो.

मारहाण कधीच नाही. सगळ्यात आधी मला तेच आठवलं आणि क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. लाज ही त्यानंतरची गोष्ट.

बाई वाट बघत होत्या. हातात पेन. शिक्षकखोलीत डब्यांचा वास, कोणीतरी लोणच्यावरून कुणाची तरी थट्टा करत होतं. मी यादी घडी करून पाकिटात घातली आणि म्हणालो, "ही मुलगी शाळा सोडून गेली, मॅडम. दिवाळीत दाखला नेला."

"अरे. कुठे गेली?"

"नक्की माहीत नाही. वडिलांची बदली झाली."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. पेन थांबलं, पुन्हा चाललं. मी पुढच्या तासाला गेलो आणि समास शिकवला.

त्यानंतर मी घरी लक्ष देऊ लागलो. असं लिहितानाही लाज वाटते, पण त्या दिवसांत मला खरंच वाटायचं की ह्यानेच भरून निघेल. दार उघडताच "जेवलीस का?" पुन्हा "बरं वाटतंय ना?" सोपाऱ्याच्या बाजारातून तिला आवडतात म्हणून सुकेळी, ती वाळवलेली केळी, आणली. तिने एक उचललं, बाकीची डब्यात भरून ठेवली. नंतर बायकोशी फोनवर बोलताना सहज कळलं की सुकेळी बायकोला आवडतात, मुलीला कधीच आवडली नाहीत. एका संध्याकाळी तिच्या खोलीच्या दारात उभा राहून मी विचारलं, "तुझ्या मैत्रिणींची नावं काय गं?"

तिने पुस्तकातून मान वर केली. "कशाला?"

"असंच."

"कुठल्या फॉर्मवर भरायचीयेत का?"

मी "नाही" म्हणून परत फिरलो.

घरचा कागद मी डोळ्यांपुढून काढू शकत नव्हतो. 'आजारी पडले तर डॉक्टरकडे नेतं', कधीच नाही. मागच्या पावसाळ्यात तिच्या दप्तरात गोळ्यांची पट्टी दिसली होती. ती एकटीच नाक्यावरच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती आणि मी म्हणालो होतो, "शहाणी आहेस." तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती शेजारच्या काकीकडे गेली. मला महिन्याभराने तिच्या आईकडून कळलं, तेही शुक्रवारच्या फोनवर, वीजबिलाच्या बोलण्यानंतर. मी त्यावर काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा "बरं."

नाताळच्या आधी पापनिवेदनाला गेलो. आमच्याकडे सगळेच जातात, चर्चमध्ये रांग लागते, बाहेरगावचे फादर येतात म्हणजे मोकळं बोलता यावं. जाळीपलीकडे फादरांचा कान होता. मी म्हणालो, "एकदा खोटं बोललो, कामाच्या संदर्भात. घरात लक्ष कमी पडतं." इतक्या वर्षांच्या मुद्रितशोधनाने मला एवढं जमतं, वाक्य असं घासायचं की त्यात काही उरू नये. फादर थकलेले होते. म्हणाले, "घराकडे लक्ष द्या. तीन नमो मारिया म्हणा." मी तीन म्हटले आणि घरी येऊन शांत झोपलो. खरंच झोपलो. पाप तिथे सांगितलं की ते मिटलं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात, म्हणजे आम्ही तेवढंच शिकतो. ज्याचं बिघडवलं त्याच्याकडे जाऊन सांगायचं, हेही शिकवतात. तो धडा मी धर्मशिक्षणाच्या वर्गात दुसऱ्यांना शिकवलाय.

जानेवारीत बाईंचा फोन आला. "सर, त्या मुलीचा पत्ता मिळेल का? नव्या शाळेला तरी कळवू. तिने खूण केलीये हो. माझ्या डोक्यातून जात नाहीये ती."

"बघतो," मी म्हणालो.

त्यानंतरचा रविवार. चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो. ऊन ओट्यावर होतं. मुलगी ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती, मी शेजारी मासिक घेऊन. तिने विचारलं, मान न वर करता, "पप्पा, तुम्ही वाचलंत ना?"

"काय?"

"तेच. माझा पेपर. दिवाळीनंतर तुम्ही मला रोज विचारताय बरं वाटतंय का. आणि केळी आणता. मला काय झालंय असं वाटतं तुम्हाला? मरतेय का मी?"

मला "नाही" म्हणता आलं असतं. त्या क्षणीही ते वाक्य माझ्याजवळ तयार होतं, सांगतो. मी म्हटलं, "वाचलं."

तिने शेंगेतला दाणा वाटीत टाकला. "मग बरोबर दिलं ना मी? माइकचं?"

"काय म्हणजे?"

"ती तुमचीच गोष्ट होती. पहिल्या ओळीलाच कळलं मला. वर्गात मुली म्हणाल्या, ईझी आहे, ती खोटं बोलतेय. मला माहीत होतं तुमचं उत्तर काय असणार. मी तेच लिहिलं."

"का?"

"तुम्हाला तेच हवं होतं ना." मग म्हणाली, "सगळ्यांनी दुसरं लिहिलं असतं तर तुम्हाला कसं वाटलं असतं? एकीने तरी तुमचं लिहावं."

मासिक माझ्या मांडीवरून सरकलं. मी ते उचललं नाही. तिला उत्तर येत नव्हतं म्हणून ते चुकलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हॉलच्या दारात तिने जे केलं होतं तेच तिने परीक्षेच्या बाकावर बसून पुन्हा केलं होतं, माझ्यासाठी, माझ्या पाठीमागे.

"माइक चालू होता," मी म्हणालो.

"ठणठणीत. मागच्या रांगेत हसत होते लोक. दोनदा टाळ्या पडल्या." ती हे सांगताना जरा हसली. मग हसू गेलं. "पप्पा, त्या समुपदेशक बाई मला बोलावणार होत्या ना? मी खूण केली होती. तुम्ही पाहिलं असेल."

इथे मला थांबता आलं असतं. "बोलावतील" म्हणता आलं असतं. सोमवारी गुपचूप फोन करून सगळं सरळ करता आलं असतं, तिला न कळता. ही आडवाट सगळ्यांत चांगली होती, म्हणूनच ती घ्यायची नव्हती, एवढं मला कसंबसं कळलं.

"बोलावणार होत्या," मी म्हणालो. "मी त्या संशोधनवाल्या मॅडमना सांगितलं की ही मुलगी शाळा सोडून गेली."

"कोण मुलगी?"

"तू."

"मी शाळा सोडून गेले?"

"दाखला नेला म्हणालो. वडिलांची बदली झाली म्हणालो."

ती हसली. मोठ्याने, अगदी तिच्या त्या कोळणीसारखी. "मस्त! कुठे झाली ओ तुमची बदली? मला पण सांगा, सामान भरायला नको का?" आणि हसतानाच तिचा चेहरा उतरला. शेंगांची वाटी तिने खाली ठेवली नाही, हातातच घट्ट धरली. "मी थांबत होते, पप्पा. दर बुधवारी मी थांबत होते. समुपदेशक बाई व्हरांड्यातून जायच्या, मला वाटायचं आज बोलावतील. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं लिहिलं असेल. म्हणून नसतील बोलावत."

तेवढं बोलून ती रडली नाही. रडली असती तर मी पाठीवर हात ठेवला असता आणि त्यानेही मला बरं वाटलं असतं. तिने मला ते दिलं नाही. आत गेली, पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालू होता.

नळ बंद झाल्यावर मी दाराशी जाऊन म्हटलं, "मी त्यांना आत्ता फोन करतो. तू समोर बस. किंवा नको बसू. तुझी इच्छा."

ती बाहेर येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, हात ओले. मी फोन लावला. बाईंचा आवाज आला, मागे कुकरची शिट्टी. मी म्हणालो, "मॅडम, ती मुलगी शाळा सोडून गेलेली नाही. ती माझी मुलगी आहे. मी खोटं बोललो." ही तीन वाक्यं मी घासली नाहीत. मग त्या म्हणाल्या, "ती आता तिथे आहे का?"

"हो."

"तिला विचारा, अजून बोलायला आवडेल का."

मी विचारलं नाही. फोन तिच्यापुढे धरला. तिने हात फ्रॉकला पुसले, फोन घेतला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढचं थोडक्यात. पाकीट आणि यादी मी मुख्याध्यापिकांकडे दिली आणि का ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून अपेक्षा नव्हती, सर," आणि मला ते बरोबर वाटलं. बाईंनी मला नंतर एवढंच सांगितलं की माझ्या मुलीचा कागद त्या आता मोजणीत धरू शकत नाहीत, माझ्या हातून तो गेला. रागावून नाही, कामाचं म्हणून सांगितलं. त्याचंही मला वाईट वाटलं, कारण तिथेही मीच तिला खोडलं होतं. बायकोला शुक्रवारच्या फोनवर सगळं सांगितलं. ती नर्स आहे, ऐकून घेण्याची तिला सवय आहे. शेवटी म्हणाली, "मी इथे परक्यांच्या पोरांची बेडशीट बदलते. तुला एक पोर होतं." तिचं बोलणं अजून तुटक आहे आणि ते तसंच असायला हवं.

बुधवारी मुलगी समुपदेशक बाईंच्या खोलीत गेली. माझा तास नव्हता. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दार बंद. आतून आवाज येत होते, शब्द नव्हे. एकदा हसणं ऐकू आलं, एकदा बराच वेळ काहीच नाही. पोरं जाता-येता "सर, इथे काय?" विचारत होती. मी काही सांगितलं नाही, पण ते पूर्वीचं न सांगणं नव्हतं. आत काय चाललंय हे मला ठाऊक नव्हतं आणि ते ठाऊक करून घ्यायचा मला अधिकार नव्हता. इतकी वर्षं मला ते ठाऊक नव्हतंच, फरक एवढाच की आता मला ते कळत होतं.

शाळा सुटायची घंटा झाली, वर्ग रिकामे झाले, तरी दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा ती दप्तर खांद्यावर घेऊन बाहेर आली. डोळे लाल होते. मला बघून म्हणाली, "तुम्ही थांबायची गरज नव्हती."

ती असं का म्हणाली? माझ्या त्या जुन्या उत्तरसूचीत ह्याचं उत्तर सोपं आहे. गरज नव्हती म्हणून. मी उठून शिक्षकखोलीत गेलो असतो, वह्या तपासायला घेतल्या असत्या.

मी उठलो आणि तिच्या मागे गेलो. सायकलींच्या शेडमध्ये तिने कुलूप काढलं, सायकल बाहेर काढली, दप्तर पुढच्या टोपलीत ठेवलं. मी दोन पावलं मागे उभा. ती सायकलवर बसली असती तर पाच मिनिटांत घरी पोचली असती आणि मी चालत मागे राहिलो असतो.

ती सायकलवर बसली नाही. हातात धरून ढकलत फाटकाबाहेर पडली, आणि शाळेजवळच्या तलावाच्या कडेकडेने हळूहळू चालू लागली.